पिवळ्या स्कर्टचा हूक

परवा टीव्हीवर रेहिलेते या जुन्या गाणाऱ्या टोळीची ती तीन पोरं पुन्हा दिसली. पोरं म्हणायची आपली सवय. आता पन्नाशी उलटलेले बाप्ये आहेत, ढेऱ्या सुटलेले. त्यांच्या शेजारी तीन मुली नाचत होत्या, जेमतेम विशीतल्या. निवेदक सांगत होता, हाच तो तुमचा लाडका रेहिलेते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगे तेच, आणि पोरी दर दोन-तीन वर्षांनी नव्या, आणि अख्ख्या मेक्सिकोत कुणाला त्यात काही खटकत नाही. मी टीव्ही बंद केला आणि ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

एका बाईला ते पहिल्यापासून खटकलं होतं. देल्फिना ओरोस्को. मेक्सिको शहरातल्या दोक्तोरेस वस्तीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहायचो. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता उभी राहिले, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणत आलो. पंच्याऐंशीच्या भूकंपाआधी आम्ही दोघी एका कपड्यांच्या कारखान्यात शिवत होतो. भूकंपाच्या सकाळी इमारत कोसळली तेव्हा आम्ही अजून रस्त्यात होतो, आमच्या मैत्रिणी आत होत्या. मालकाने माणसं लावून आधी यंत्रं आणि कापडाचे तागे बाहेर काढले. देल्फिना फुटपाथवर उभी राहून ते बघत होती. त्या दिवसानंतर ती कुठल्याही साहेबाला घाबरली नाही.

मग आम्हाला रेहिलेतेच्या कपडेपटात काम मिळालं. रेहिलेते म्हणजे भिरभिरं, आणि त्या गाणाऱ्या टोळीत सहा रंगांची सहा पाती होती, तीन मुली, तीन मुलगे. बनवणारा होता लिसेन्सियादो उर्किसा. तो कसला पदवीधर होता देव जाणे, पण सगळे त्याला लिसेन्सियादो म्हणायचे, म्हणून आम्हीही. धंद्याचं डोकं मात्र त्याला होतं. नुसत्या पोरांची टोळी काढली तर पोरीच येतात. सहा जणांची मिसळ केली की भाऊ येतो, बहीण येते, दोघांना घेऊन आईही येते. मुलगा अर्धी ओळ म्हणणार, मुलगी उरलेली, मग सहाही जण मिळून धृपद. मिनीबसमध्ये तेच, टॉर्टियाच्या दुकानात तेच. शाळेच्या पटांगणात पोरं सहा-सहाचे गट करायची आणि पिवळी कोण होणार यावरून झिंज्या उपटायची.

पिवळी होती नोएमी, पाचुकाची. पंधरा वर्षांची पोर, धृपदाचा सगळ्यात वरचा सूर तिचा. बाकी पाच जणांचे आवाज तिच्या आवाजावर टेकून उभे असायचे, हे मला गाण्यातलं काही कळत नसूनही कळायचं.

त्या टोळीत एक सोमवारचा रिवाज होता. मुलींनी ओळीने उभं राहायचं, पहिल्या दिवशी शिवलेला स्कर्ट चढवायचा आणि लिसेन्सियादोसमोर हूक लावून दाखवायचा. लागला तर ठीक. नाही लागला तर आठवडाभर कोबीचा पाला आणि लिंबू, आणि पुढच्या सोमवारीही नाही लागला तर दुसरी पोर. मुलीच्या मापाचा स्कर्ट नव्हे, स्कर्टच्या मापाची मुलगी. मुलग्यांचं काय? ते दुपारी तीन-तीन तोर्ता, म्हणजे मांस भरलेले पाव, हाणायचे. पँट घट्ट झाली की लिसेन्सियादो हसत, मानाचं ‘दोन्या’ लावून म्हणायचा, "दोन्या देल्फिना, जरा सैल करा हो. वाढतं वय आहे."

"आणि पोरींचं काय, उतारवय आहे?" देल्फिना विचारायची.

"पोरींचं कंबरेला दिसतं, दोन्या."

एका तालमीत नोएमी नाचता नाचता खाली बसली आणि उठेचना. ओठ पांढरे पडलेले. देल्फिनाने तिला थर्मासमधलं मक्याच्या पिठाचं गरम आतोले पाजलं, शेजारी बसून मक्याचा वाफवलेला अख्खा तामाल भरवला. पोर रडत खात होती आणि दाराकडे बघत होती, चोरी केल्यासारखी. त्याच संध्याकाळी देल्फिनाने पिवळा स्कर्ट उसवला. मुलग्यांच्या पँटी वाढवायला आणलेल्या कापडातलं थोडं वापरलं, पट्ट्याच्या आत एक पाचर घातली आणि अशी बेमालूम शिवली की बाहेरून दिसू नये. मग लाल स्कर्ट, मग निळा.

"सापडलीस तर?" मी म्हटलं.

"कोण पकडणार? त्या माणसाने जन्मात मापाची टेप हातात धरली आहे का? त्याला हूक दिसतो, कोमाद्रे. हूक लागला की त्याचं समाधान."

आणि खरंच लागत राहिला. पोरी जेवायला लागल्या. नोएमीच्या गालांवर रंग आला, आवाज आणखी वर गेला, आणि लिसेन्सियादो सगळ्यांना ऐकवायचा, शिस्तीने काय होतं ते बघा. चोर तो चोर, वर शिरजोर.

नडलं ते त्यांचं नाव होणं. पिवळी सगळ्यांनाच हवी होती, तेव्हा लिसेन्सियादोने ठरवलं की तसाच स्कर्ट लहान मुलींसाठी बाजारात आणायचा. बेतणारा एक माणूस आला, टेबलावर नोएमीचा स्कर्ट पसरला, टेप लावली आणि भाबडेपणाने म्हणाला, "तुमच्या कागदावर लिहिलंय त्यापेक्षा कंबर बरीच मोठी आहे की हो."

लिसेन्सियादोने स्कर्ट उलटा केला. पाचर बघितली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "रविवारी टीव्हीवर थेट कार्यक्रम आहे. त्याच्या आत सगळे कपडे पहिल्या दिवसाच्या मापाला आले पाहिजेत. ज्या मुलीचा हूक लागणार नाही, ती गाणार नाही."

"सगळे?" देल्फिनाने विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे."

तो आठवडा नोएमी लिंबूपाण्यावर होती. देल्फिना फक्त शिवत बसली. काय शिवते आहे ते मला दिसत होतं, आणि मी तिला सुया ओवून देत होते.

रविवारी दुपारी स्टुडिओच्या कपड्यांच्या खोलीत नोएमी श्वास रोखून उभी होती आणि हूक बोटभर अंतरावर अडकला होता. लिसेन्सियादो घड्याळ बघत म्हणाला, "काढ. पाच जण गातील." तेवढ्यात पडद्यामागून एफ्राइन आला, हिरवा, सगळ्यात मोठा मुलगा. पँट मांडीवर अडकलेली, दोन्ही हातांनी धरलेली.

"लिसेन्सियादो, ही वर चढतच नाही."

त्याच्या मागे नारिंगी, त्याच्या मागे जांभळा. तिघेही बदकासारखे चालत आले. लाल मुलीला हसू फुटलं आणि तिने तोंडावर हात दाबला.

"हे काय आहे, दोन्या?"

"पहिल्या दिवसाचं माप," देल्फिना म्हणाली. "सगळे म्हणजे सगळे, तुम्हीच म्हणालात."

"उसवा. आत्ताच्या आत्ता."

"उसवते ना. कापड आतच आहे, पाच मिनिटांचं काम. पण उसवीन तर त्या पोरीपासून सुरुवात करीन. वाढतं वय तिचंही आहे."

लिसेन्सियादो माझ्याकडे वळला. मी कात्री ॲप्रनच्या खिशात टाकली आणि हाताची घडी घातली. भिंतीपलीकडे लोक टाळ्या वाजवून नाव घेत होते. तो लाल झाला, मग पांढरा, मग म्हणाला, "उसवा सगळ्यांचं."

त्या दिवशी नोएमी जशी गायली तशी ती पुन्हा कधी गायली नाही, कारण सोमवारी सकाळी तिला काढलं. देल्फिनालाही. पोरीची आई पाचुकाहून बस पकडून आली आणि तिला घेऊन गेली. जाताना पोर माझ्याकडे बघेचना, जणू तिनेच कुणाचं काही बुडवलं होतं.

लिसेन्सियादोने पिवळा स्कर्ट माझ्या टेबलावर फेकला. "घट्ट करा. नवी मुलगी येते आहे."

मी तो मशीनखाली घेतला, खडखड केली, इस्त्री मारली आणि जसाच्या तसा खुंटीला लावला. एक टाका घातला नाही. माझा राग मला तेवढाच दाखवता आला.

नवी मुलगी आली, मिरेया, पुएब्लाची, गोबऱ्या गालांची. तिची आई दाराशी जपमाळ ओढत उभी. मी स्कर्ट चढवला, हूक लावला, लागला. लिसेन्सियादो मागे रेलून म्हणाला, "बघा. याला म्हणतात कंबर. ती दुसरी बेशिस्त होती."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी टेप काढली असती तर त्याचं थोबाड तिथेच फुटलं असतं. पण मग ही पोरही गेली असती. मी दात-ओठ खात टेप खिशातच ठेवली. लिसेन्सियादो गेल्यावर मिरेयाची कंबर मोजली, आणि संध्याकाळी देल्फिनाच्या दाराशी जाऊन तिला सांगितलं.

"नोएमीएवढीच?" देल्फिनाने विचारलं.

"तंतोतंत."

तिने घरच्या मशीनच्या चाकावर हात आपटला. मग विचारलं, "त्या पोरीने दुपारी काही खाल्लं?"

"तोर्ता. अख्खा."

"बरं केलं. पण हे नोएमीला कळलंच पाहिजे. तिला वाटतंय चूक तिची होती."

दुसऱ्या दिवशी ती पाचुकाला गेली, गरम तामालांचा डबा घेऊन. रात्री परतली तेव्हा डबा तसाच भरलेला होता. पायरीवर बसली. मी शेजारी बसले.

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. त्यांनी जी आणली तिची कंबर तुझ्याएवढीच आहे, तुला उगाच काढलं, शपथेवर सांगितलं. टेप लावून दाखवलं."

"मग?"

देल्फिनाला मी इतकं चिडलेलं कारखान्यासमोरच्या फुटपाथवर पाहिलं होतं, नंतर कधीच नाही.

"पोरीने डबा बाजूला सारला, कोमाद्रे. म्हणाली, मग तीही जाडच आहे."