एका पंख्याला दोन इंजिनं

चाकूरजवळच्या आमच्या गावात माझं इंजिन-दुरुस्तीचं दुकान. हात पुसायला रद्दी घ्यायचो. तिच्यात एकदा इंग्रजी मासिक निघालं. आत महायुद्धातल्या एका जर्मन बॉम्बफेकी विमानाचं पोट उघडून दाखवलेलं चित्र. इंजिनं चार अन् पंखे दोनच! मी येडाच झालो. शेजारच्या गुरुजींकडून सगळं वाचून घेतलं. एकेका पंख्याला दोन-दोन इंजिनं जुंपलेली, अगदी खेटून. वर साहेबलोकांचा हुकूम, एवढ्या धुडानं घारीसारखा सूरही मारायचा. तेल गळायचं ते तापलेल्या नळ्यांवर, अन् विमान आभाळातच पेटायचं. चालवणारेच त्याला लायटर म्हणायचे. मला एकच प्रश्न पडला, तिथला फिटर बोलला नसेल का? की बोलला अन् त्याला गप बसवला?

लातूर जिल्हा नवा झाला होता, अन् त्यात दुष्काळ. गावाला पाणी असलेली एकच विहीर उरली. तिच्यावर दोन डिझेल इंजिनं, आळीपाळीनं चालायची. एक दिवस नव्या कचेरीतले साहेब जीपमधून दोन इंजिनं एकत्र जोडायचं कपलिंग घेऊन आले. दोन दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येणार होते.

"दोन्ही इंजिनं एकाच पंपाला जोडा. धार जाड दिसली पाहिजे. पाहणीच्या मंडपातले दिवेही डायनामो बसवून त्यावरच लावा."

"न्हाई जमत, साहेब. दोघांची चाल जुळत न्हाई, एकमेकांना ओढत दोन्ही तापून जाम होतील. मग गावानं प्यावं काय?"

"किती शिकलात?"

"सातवी नापास. पण जर्मनीत लई शिकलेल्यांनी हेच केलं, अन् विमानं जाळून घेतली."

साहेब हसले. गावबी फिदीफिदी हसलं. डोकंच फिरलं माझं! कपलिंग उचललं, पिशवीत घातलं अन् विहिरीच्या काठावर जाऊन बसलो.

"काय लिहायचं ते लिहा माझ्याविरुद्ध. इंजिनाला हात लावू देणार न्हाई."

पाहणीच्या दिवशी एकच इंजिन चाललं. धार करंगळीएवढी. मोठ्या साहेबांनी तोंड वाकडं केलं अन् मला सरकारी काम मिळायचं कायमचं बंद झालं. पण पाऊस पडेस्तोवर दोन्ही इंजिनं टिकली, हंडे भरत राहिले.

काही जळलंच न्हाई, म्हणून माझं खरं होतं हे आजवर कुणाला पटलं न्हाई. गाव मला अजून 'जर्मन' म्हणतं. म्हणू दे की! पटवायचं तर दोन्ही इंजिनं जाळून गाव तहानेनं मारावं लागलं असतं. त्यापरीस मी जर्मन बरा.