गुळगुळीत भिंत

राहुरीकडच्या एका कालव्यावर पाणी सोडता-बंद करता गहिनीनाथ पाटकऱ्याची तीस वर्षं गेली. भोवऱ्यांची खोड त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. मधला भोवरा पाण्याबरोबर वाहून जातो. भिंतीला लागलेला मात्र भिंत धरूनच चालतो. पाणी सोडायच्या दाराखाली कालव्याच्या भिंतीतून जुने दगड पुढं आले होते. त्यांच्यावर भोवरा फुटायचा आणि पुढं धुण्याच्या पायऱ्यांशी पाणी निमूट पोचायचं.

एवढं कळत असून त्यानं ते दगड काढवले. कारण काय, तर कंटाळा! दगडांत उसाचं पाचट अडकायचं, आकडीनं ओढून याचे खांदे भरून यायचे. दुरुस्तीला गवंडी आला, तेव्हा त्याला चहा पाजून यानं परस्पर दगड तोडवले आणि भिंत छान गुळगुळीत करून घेतली.

पुढच्याच पाण्याला भोवरा न फुटता थेट पायऱ्यांपर्यंत आला. तिथं मालनबाई वाकळ धूत होती. भोवऱ्यानं वाकळ ओढली, तिनं सोडली नाही, आणि वाकळीबरोबर तीही आत गेली. गहिनीनाथनंच उडी टाकून तिला बाहेर काढलं. गावानं त्याला फेटा बांधला आणि मालनबाईला हसून घेतलं, फाटक्या वाकळीपायी जीव द्यायला निघाली म्हणून. फेट्याखाली गहिनीनाथ शरमेनं मेल्यासारखा झाला होता, पण त्यानं तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून ती त्याला भाऊबीजेला ओवाळायची. आणि पाणी सुटलं की हा दिवसभर पायऱ्यांवर राखण करत बसायचा. यंदा मात्र महिनाभरात तो निवृत्त होणार होता.

भाऊबीजेला ओवाळणीचं ताट हातात घेऊन मालनबाई म्हणाली, "आता पानी सुटलं की नातीला, संस्कृतीलाच धाडते धुन्याला. तुमी हाय म्हनल्यावर कशाचं भ्या?"

गहिनीनाथ पाटावरून उठला.

"आक्का, संस्कृतीला धाडू नका. त्यो भवरा मीच आनला तिथं." मग दगड, पाचट, गवंडी, सगळंच त्यानं सांगून टाकलं.

मालनबाईनं ताट खाली ठेवलं.

"पान्यात पडले त्याचं काय न्हाई, दादा. पर दोन वरसं लोक मला वाकळीवरनं हसले. तवा तुमी शेजारीच बसला हुता."

त्याला मान वर करवेना. ती न ओवाळताच ताट उचलून आत गेली.

"दगड बसवा आदी," आतून आवाज आला. "आन् चार लोकांम्होरं बसवा."