दुसऱ्याच्या नावावर गेलेली खेळणी

वर्धा मागे पडलं आणि खिडकीबाहेर काळी जमीन दिसू लागली. कापसाची शेतं पार आकाशाला टेकेपर्यंत. आम्ही कोकणातली माणसं. दहा पावलांवर डोंगर नसला की आम्हांला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी ह्यांना म्हटलं, "बघा तरी!" ह्यांनी मान वर केली नाही. कोल्हापूरला गाडीत बसल्यापासून ह्यांचं एकच पालुपद चाललं होतं, "पत्रात किती सभ्य होता गं तो माणूस!"

सावंतवाडीला आमचा लाकडी खेळण्यांचा धंदा. चितारी (खेळणी रंगवणारे कारागीर) घरोघरी माल करतात, आम्ही तो बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना घाऊक पाठवतो. नागपूरच्या एका पेढीच्या छापील कागदावर मागणी आली. पहिला माल थोडा, आणि पैसे आगाऊ. दुसरी मागणी आली ती एवढी मोठी, की पाच चिताऱ्यांचं अख्ख्या पावसाळ्याचं काम तिच्यात गेलं. अशा वेळी बिल्टी (ट्रक कंपनीची पावती, ती दाखवल्याशिवाय गोदामातून माल सुटत नाही) बँकेमार्फत पाठवायची असते. घेणाऱ्याने आधी पैसे भरावे, मग बिल्टी घ्यावी. पण आमच्या ह्यांना भीड फार. ज्याने आगाऊ पैसे दिले त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा, म्हणून बिल्टी सरळ टपालाने गेली. भीड भिकेची बहीण, हे मी लग्न झाल्यापासून ह्यांना ऐकवते आहे.

त्यानंतर शेजारच्यांचे नागपूरचे जावई आले. त्यांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "ही पेढी इतवारीत आहे, जुनी आहे. पण ती तांब्यापितळेची भांडी विकते. आणि पत्ता प्रताप नगरचा कसा?" आम्ही दुसऱ्या सकाळी निघालो. ट्रक वाटेत माल चढवत-उतरवत जातो, कदाचित आपण आधी पोचू, एवढीच आशा होती.

स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीग लागले होते. आमच्या पेट्यांत लाकडी संत्री होती. नागपूरला संत्री पाठवणारे आम्हीच पहिले असू, असं माझ्या तोंडून गेलं. ह्यांना हसू आलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही नाही.

प्रताप नगरात आधी गेलो. नवी वस्ती, बैठी घरं, दारापुढे मोकळी जागा. घरमालकीण गहू निवडत अंगणात बसली होती. त्या माणसाचं नाव काढलं तर म्हणाली, "खोली घेतली त्यानं, पण राहत नाही न बाई. टपाल आलं का, तेवढं न्यायले येते. परवाच येऊन गेला."

म्हणजे बिल्टी त्याच्या हातात पडली होती. मी तिथेच पायरीवर बसले. त्या बाईने न विचारता पाणी आणून दिलं.

सायकलरिक्षाने इतवारी गाठली. अरुंद गल्ल्या, हातगाड्या, किराण्याचा उग्र वास. पेढीवर गुलाबराव म्हणून साठीचे मालक बसले होते, मागे हंड्यांची उतरंड. ह्यांनी कागद पुढे केला. गुलाबरावांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"तुम्ही तिसरे होय जी," ते म्हणाले. "मांगं एक जण आला, तर इथंच बसून रडून राहिला होता. माह्या नावानं माल मागवते कोणी, अन् शिव्या मले बसतात. पोलिसात सांगून आलो. आता काय नाव बदलू का?"

मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून म्हणाले, "जेवले नसान. चला वर." घर दुकानाच्या माडीवरच होतं. त्यांच्या बायकोने गोळाभात (डाळीचे तिखट गोळे घालून केलेला भात) वाढला आणि वरून कडकडीत फोडणी ओतली. "लाजू नका वं वहिनी, आमच्याकडे तेल असंच वाढतात," ती म्हणाली. नारळाशिवाय जेवण इतकं चवदार होऊ शकतं हे मला तिथे कळलं. हे मात्र ताटातला भात नुसता चिवडत होते.

जेवून आम्ही तिघे जरीपटका वस्तीच्या बाजूला ट्रक कंपनीच्या गोदामात गेलो. आणि पेट्या होत्या! ट्रक त्याच सकाळी आला होता. आमच्या चिताऱ्यांनी पेट्यांवर काढलेला लाल पोपट मी दारातूनच ओळखला. बिल्टीवाला अजून फिरकला नव्हता.

गोदामाचा मुनीम म्हणाला, "माल ज्याच्या नावावर आहे, त्याले देईन. तुम्हाले कसा देऊ?"

माल तर गुलाबरावांच्याच पेढीच्या नावावर होता. ते पुढे झाले. "बिल्टी चोराच्या हाती गेली गा. मी हमीपत्र लिहून शिक्का मारतो, माल माह्या ताब्यात दे. मंग इथूनच यांच्या नावानं सावंतवाडीले परत लावतो."

मुनीम त्यांना ओळखत होता, त्याने मान डोलावली. आमचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा. माल तुमच्या ताब्यात गेल्यावर तुम्ही तो परत द्याल कशावरून? आधी तसं मला लिहून द्या."

ज्या माणसाच्या घरचं तेल अजून आमच्या बोटांना होतं, त्याला हे असं म्हणाले. मी खाली मान घातली. गुलाबरावांनी कागद मागून घेतला, उभ्याउभ्या लिहिलं आणि सही केली. "काहून रागावू?" माझ्याकडे वळून ते एवढंच म्हणाले. "माहं नाव पाहूनच फसले ते."

पेट्या परत लागल्या. माल परत मिळाल्याचं लिहून द्यायला ह्यांनीही कागद मागितला, तर गुलाबराव म्हणाले, "मले नको जी काही."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. इतकी वर्षं मला हवा होता तसाच हिशेबी नवरा शेजारी बसला होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्या भामट्याला आमचं एक भिरभिरंही मिळालं नाही, पण तो काहीतरी घेऊन गेला होता.

पेट्या धड घरी आल्या. चिताऱ्यांच्या बायका नवस फेडून आल्या. त्याच आठवड्यात बेळगावचे आप्पा आले. माझ्या लग्नाआधीपासून ते आमच्याकडून माल नेतात आणि विकला की पैसे आणून देतात. ओसरीवर बसून त्यांनी नेहमीसारखी यादी सांगायला सुरुवात केली. ह्यांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"देतो माल. पण जामीन कोण?"

आप्पांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ते म्हातारे डोळे ह्यांच्याकडून माझ्याकडे वळले.

"मी आहे जामीन," मी म्हटलं, आणि पेट्या काढायला आत गेले.