सूरचं निळं फाटक

सूरला एकदाही न जाता मी सूरवरचा अधिकारी माणूस झालो होतो.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. तेव्हा आम्ही मस्कतमध्ये रुवीला राहत होतो. बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मी एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो आणि माझा स्वभाव चौकशीचा. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, याला भोचकपणा म्हणते.) कुणी कुठे जाऊन आलं की मी त्याला गाठायचाच. काय पाहिलंत? काय खाल्लंत? गाडी कुठे लावलीत? मासा कुठला होता, तळलेला की कालवणातला? समोरचा वैतागून उठेपर्यंत मी विचारत राहायचो आणि घरी येऊन सगळं वहीत उतरवायचो.

सूर हे समुद्रकाठचं गाव. लाकडी गलबतं, किल्ला, दीपस्तंभ, लांबलचक किनारा. मस्कतहून गाडीनं चार तास. आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती. त्यामुळे मी सूरला न जाता सूरची यादी केली : ‘सूर – काय पाहावे, काय खावे.’ दोन पानं, अक्षर माझं, झेरॉक्स कंपनीची. गणपतीत आरतीनंतर मी ती प्रसादाबरोबर वाटली. दुसऱ्या वर्षापर्यंत रुवीपासून माबेलापर्यंत सूरला निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या गाडीत ती यादी असायची. लोक परत आले की सूचना करायचे, मी सुधारित आवृत्ती काढायचो.

यादीतला सगळ्यात गाजलेला होता चौथा क्रमांक. तो मला फ्रान्सिसकडून मिळाला. फ्रान्सिस वसईचा, आमच्या कंपनीत एसी दुरुस्तीला. तो एका शीतगृहाच्या कामाला सूरला गेला होता.

“सावंत, काय जेवलो सांगू,” तो म्हणाला. “मशिदीच्या मागे निळं फाटक आहे. खाली बसायचं. एकाच मोठ्या थाळीत भात आणि वर हा एवढा मासा.”

“फॅमिलीला वेगळी रूम आहे?” मी विचारलं. आखातात हॉटेलात बायकामुलांची खोली वेगळी असते, म्हणून हा माझा पहिला प्रश्न.

“आहे ना. बायका आतच असतात.”

“पाणी थंड?”

“थंड.”

“पैसे किती?”

“म्हातारा घेईना रे. मग मी त्याच्या नातीच्या हातावर ठेवले.”

मी लिहून घेतलं : ‘४. भोजन. निळे फाटक, मशिदीमागे. मासा ताजा. बैठक भारतीय पद्धतीची. पैसे मालकाच्या नातीकडे द्यावेत.’ मी फ्रान्सिसला सतरा प्रश्न विचारले असतील. अठरावा विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

मग आले दत्तामामा. सुनंदाचे मामा, सांगलीचे, शिक्षण खात्यातून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. आमचं लग्न ठरताना त्यांनी माझी मुलाखत घेतली होती आणि सुनंदाला बाजूला नेऊन सांगितलं होतं, “मुलगा बरा आहे. पण ऐकीव बोलतो.” हा शेरा मला बारा वर्षं टोचत होता. सासऱ्यांनी मान दिला, साहेबानं बढती दिली, पण मामांचा शेरा काही खोडला गेला नव्हता. आता ते पंधरा दिवसांसाठी मस्कतला आले होते आणि आल्या संध्याकाळीच त्यांनी यादी वाचून काढली.

“जावईबापू, हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“म्हणजे काय,” मी म्हणालो. “कितीदा तरी.”

सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

“मग या शुक्रवारी आपण जाऊ,” मामा म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं.

शुक्रवारी पहाटे फ्रान्सिसची गाडी मागून आणली आणि आम्ही निघालो. मी, सुनंदा, आमची अकरा वर्षांची केतकी आणि मामा. पुढच्या सीटवर मामा, मांडीवर यादी, हातात पेन. यादीत पहिला क्रमांक इब्रा गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावरच्या चहाचा होता. ‘अप्रतिम देखावा, निवांत बसावे.’ देखाव्यात एक पंक्चरचं दुकान आणि पाण्याचा टँकर होता. मग मला आठवलं, हे मला ज्यानं सांगितलं त्याची गाडी तिथे चार तास बंद पडली होती. मामांनी चहा संपवला आणि क्रमांक एकपुढे लाल फुली मारली.

सूरला पोचल्यावर गलबतं खरोखरच सुरेख निघाली. नुसत्या लाकडाच्या फळ्या जोडून माणसं एवढं मोठं जहाज उभं करतात हे बघताना मी सगळं विसरून गेलो.

“Baba, तू first time बघतोय?” केतकीनं विचारलं.

“नाही गं. दर वेळी नवीन वाटतं,” मी म्हणालो. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गलबतांना मात्र बरोबरची खूण मिळाली. दीपस्तंभालाही मिळाली, पण यादीप्रमाणे तो किल्ल्याशेजारी हवा होता आणि निघाला पाण्याच्या पलीकडे, म्हणून अर्धीच. आता सगळी मदार चौथ्या क्रमांकावर होती.

शुक्रवारची नमाज सुटायच्या बेताला आम्ही मशिदीमागे पोचलो. निळं फाटक होतं! मला इतका आनंद झाला की मी गाडी लावायच्या आधीच “हे बघा” म्हणालो. फाटकात सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. आम्हाला पाहताच ती हसली, सुनंदाचा आणि केतकीचा हात धरून आत घेऊन गेली.

“फॅमिली रूम,” मी मामांना सांगितलं. “आणि ही बघा, गल्ला हीच सांभाळते.”

“पाटी कुठे आहे?” मामांनी विचारलं.

“नावाजलेल्या ठिकाणांना पाटी लागत नाही.”

आम्ही बाहेरच्या खोलीत गालिच्यावर बसलो. भिंतीला लोड होते, मध्ये खजुराचं ताट झाकलेलं. दहा मिनिटं झाली, कुणी विचारायला येईना. मी दोनदा टाळ्या वाजवल्या. शेवटी पांढऱ्या दाढीचा एक उंच म्हातारा आत आला. डोक्यावर भरतकामाची टोपी, हातात काठी, नुकताच मशिदीतून आलेला. आम्हाला बघून त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

“सावंत भेजा?” त्यानं मुंबईच्या गोदीतल्या हिंदीत विचारलं. (तरुणपणी तो गलबतावर खलाशी होता आणि वर्षातून एकदा मुंबईला जायचा, हे पुढे कळलं.)

मी छाती काढून म्हणालो, “मैं खुद सावंत.”

म्हातारा थबकला. मग त्यानं काठी टाकली, मला दोन्ही हातांनी धरून मिठी मारली आणि आत वळून अरबीत मोठ्यानं काहीतरी सांगितलं. आत बायकांची धावपळ सुरू झाल्याचा आवाज आला.

“मालक तुम्हाला चांगलाच ओळखतो,” मामा म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात आदर होता.

“नेहमीचं गिऱ्हाईक,” मी म्हणालो. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

पण मी तिथे थांबलो नाही. आदर मिळाला की माणसाचं डोकं फिरतं. मी म्हाताऱ्याला सांगितलं, मामांना तिखट चालत नाही, कांदा वेगळा आण, लिंबू दोन, पाणी बर्फाचं. तो “हाज़िर, हाज़िर” म्हणत प्रत्येक वेळी स्वतः उठत होता. खजुरावरचं झाकण निघालं, कॉफी आली, पुन्हा कॉफी आली, पण जेवण येईना. मी घड्याळ दाखवून म्हणालो, “चाचा, थोडा जल्दी. यल्ला.” म्हातारा ओशाळला. शेजारच्या घरातली चूलही पेटवली आहे, आज मटणही आहे, माफ कर, म्हणाला. हॉटेल चालवायचं तर तयारी हवी, असं मी मामांना मराठीत सांगितलं.

हात धुवायला म्हणून मी आतल्या बाजूला गेलो. बेसिनवर आरसा, आरशाखाली एक ग्लास आणि ग्लासात सहा टूथब्रश. त्यातला एक छोटा, गुलाबी. शेजारी वाटीत पाण्यात बुडवलेली कवळी. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं.

मी आधी कुतूहलानं विचार केला, की स्टाफची राहायची सोय इथेच असावी. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि सुनंदा दिसली. तिच्या दोन्ही हातांवर मेंदी ओली होती. मागे केतकी कुणाचा तरी झगमगीत झगा घालून बसली होती.

“अहो,” सुनंदा दबक्या आवाजात म्हणाली, “हे घर आहे.”

“कुणाचं?”

“त्यांचं. कुणाचं काय? मला आल्याआल्याच कळलं. आजीबाई विचारत होत्या, सावंतांना भाऊ किती? मी म्हटलं एक. त्या म्हणाल्या, छे, आत्तापर्यंत तीसएक तरी येऊन गेले.”

माझ्या हातातला साबण बेसिनमध्ये पडला. म्हणजे दोन वर्षं मी माझ्या यादीनं रुवीची सगळी मराठी वस्ती या माणसाच्या घरी जेवायला पाठवत होतो. आणि हा माणूस, दारात आलेल्याला ‘का आलास’ विचारायचं नसतं म्हणून, प्रत्येकाला मासाभात वाढत होता. मघाशी मी त्याला ‘यल्ला’ म्हणालो होतो. मला इतकी लाज वाटली की तिथूनच मागच्या दारानं पळून जावंसं वाटलं. पण गाडीची किल्ली हात धुवायला येताना मी मामांजवळ ठेवली होती.

मी परत आलो तेव्हा जेवणाची थाळी आली होती, आणि मामा म्हाताऱ्याला यादी वाचून दाखवत होते. त्याचं कौतुक त्याला कळावं म्हणून, हिंदीत, लाल पेन ओळीवर ठेवून.

“भोजन. नीला फाटक. मच्छी ताजा. चावल भरपूर.” म्हातारा खूश होऊन मान हलवत होता. “सुधारित आवृत्ती. सर्व्हिस थोडा मंद.”

“मंद?”

“लेट, लेट. आगे लिखा है, कालवणात मीठ बेताचं. मतलब नमक कम. आगे, मेनू में व्हेज बढाना चाहिए.”

“मामा, बास,” मी म्हणालो.

“का? तुमचंच निरीक्षण आहे ना?”

आता दोन वाटा होत्या. काहीतरी थाप मारून मामांसमोरची इभ्रत राखायची, किंवा या म्हाताऱ्याला खरं सांगायचं. खरं सांगतो, मी थापेचाच विचार आधी केला. पण त्यानं तेवढ्यात माशाचा मधला मोठा तुकडा तोडून माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याच्यानं थाप मारवेना.

“चाचा, मी इथे आज पहिल्यांदा आलोय,” मी हिंदीत म्हणालो. “मामा, तुम्हीही ऐका. मी सूर कधी पाहिलेलंच नाही. सगळं लोकांकडून ऐकून लिहिलं. हे हॉटेल आहे असं समजलो. चूक झाली.”

म्हाताऱ्यानं थाळीवरचा हात मागे घेतला. त्याचं नाव खमीस, हेही मला तोवर ठाऊक नव्हतं.

“होटल,” तो म्हणाला. “दो साल मैं समझता था, सावंत बहुत बडा शेख है. इतना लोग है उसका. और सबको मेरे पास भेजता है, किसी और के पास नहीं. मैं सबको बोलता था गाँव में.”

मी पुन्हा एकदा माफी मागितली.

“लेकिन एक बात बोलो,” खमीस पुढे वाकला. “सर्व्हिस लेट कौन बोला? वो मोटा, चश्मेवाला? उसने तीन बार चावल लिया.”

पहिले हसले ते मामा. मग खमीस असा हसला की आतून बायका डोकावल्या. त्यानं मामांच्या हातून पेन घेतलं आणि यादीवर ठेवलं. हॉटेल वाटेल असं लिहिलंय तेवढं काट, म्हणाला, बाकी राहू दे, आणि लोकांना सांग आधी फोन करा, म्हणजे उशीर होणार नाही. मग त्यानं माझा रुवीचा पत्ता विचारला. मी तो फारच बारकाईनं सांगितला. बेकरी, जिना, मजला, दाराचा रंग.

निघताना ती छोटी फाटकात उभी होती. तिनं सराईतपणे माझ्यापुढे हात पसरला. हिंदी लोकांत पाहुण्यानं जाताना हातावर पैसे ठेवायची रीत आहे, असं तिला वाटत होतं. आणि खाऊसाठी आपल्यात देतातच की.

परतीच्या वाटेवर इब्रा आलं तसं मामांनी पुन्हा लाल पेन काढलं.

“जावईबापू,” ते मग म्हणाले, “तुम्ही ऐकीव बोलता हा माझा शेरा चुकीचा होता.”

माझा जीव भांड्यात पडला.

“तुम्ही ऐकीव लिहिताही,” मामा म्हणाले. “पण कबूल केलंत, हे बरं केलंत.” आणि पेन खिशात ठेवून ते झोपले. सुनंदानं मागून माझ्या खांद्यावर मेंदीचा हात ठेवला. तो शर्ट पुढे वापरता आला नाही.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी दीड वाजता आमची बेल वाजली. दारात पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातले तीन अनोळखी गृहस्थ, हातात खजुराचा डबा. “खमीस भेजा,” त्यातला एक म्हणाला. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन तांदळाचं भांडं मोठं केलं. का आलात, हे आम्हीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात पाच जण आले. त्याच्या पुढच्या महिन्यात एक नवरदेव आला, आख्ख्या सासरवाडीसह.

एकदा मात्र मला राहवेना. सुरमईचं कालवण वाढता वाढता मी एका पाहुण्याला विचारलं, की खमीस तिकडे आमच्याबद्दल नेमकं काय सांगतो? पाहुणा जरा संकोचला.

“बोलता है, सावंत के घर मच्छी एक नंबर. बीवी बहुत अच्छी. जगह छोटी, लेकिन ठीक.”

“बस इतनाही?”

“और बोलता है, सावंत खुद सवाल बहुत पूछता है. जवाब नहीं देना, खाते रहना.”

हे खमीस नक्की कधी म्हणाला, आणि कुणाकुणासमोर, असं मी त्याला लगेच विचारलं. तो खात राहिला.