तीनदा ओढलेलं कुलूप

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो कॉम्प्युटरवाला पेणहून एसटीने यायचा. फ्लॉप्या जेवणाच्या डब्यात आणायचा. निघताना ऑफिसचं कुलूप तीनदा ओढून बघायचा, आम्ही हसायचो.

एकदा बोलताना त्याचं कोपर कीबोर्डवर टेकलं. पासवर्डच्या जागी अक्षरांची लांबलचक रांग उमटली आणि पासवर्ड चुकीचा असूनही रसायनांच्या प्रमाणांची गुप्त फाइल उघडली. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तो मात्र तडक साहेबांकडे गेला.

"पासवर्डचा तयार प्रोग्राम मी न तपासता घातला. चूक माझीच हाय. पेणपर्यंत माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना हाच दिलाय, उद्या एकेकाकडं जाऊन सांगतो."

नशिबाने फाइलला कुणी हात लावला नव्हता. प्रोग्राम दुरुस्त करून त्याने आम्हा सगळ्यांना कोपरं टेकायला लावली. कॉम्प्युटर कुणालाच बधला नाही.

त्या संध्याकाळी कुलूप मीच ओढून बघितलं. तीनदा.