हँडओव्हरचं पान

सुजाता कांबळे हिचं पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता, कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात निधन झालं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय एकोणचाळीस. सात वाजता तिचा धाकटा भाऊ प्रशांत याचा मला फोन आला. तो म्हणाला, "ताई गेली... तुमचा नंबर तिच्या डायरीत पहिल्याच पानावर हाय, म्हणून लावला." दुपारी कोडोलीत अंत्यसंस्कार झाले. फौंड्रीतून दोन गाड्या भरून माणसं आली होती.

सोळा वर्षांपूर्वी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फौंड्रीने आम्हा चार नव्या इंजिनिअरांना एकाच दिवशी घेतलं. नेमणूकपत्रावर 'नेतृत्व विकास कार्यक्रम' असं लिहिलं होतं. दोन वर्षं, सहा विभाग, प्रत्येक विभागात चार महिने; शेवटी व्यवस्थापन प्रत्येकाला एक विभाग कायमचा देणार. कामगार आम्हाला पावणं म्हणत. भट्टीवरचे फोरमन शामराव पाटील पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "चार म्हैनं जेवायचं, हात धुवायचं, की चालला फुडच्या घरी. नावं तरी कशाला पाठ करायची तुमची?" सुजाता कोडोलीहून एसटीने येई, मी पेठ वडगावहून मोटरसायकलवर. तिचे वडील दुसऱ्या एका फौंड्रीत बावीस वर्षं लॅडल ओढत होते. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीपासून साच्यांपर्यंत नेणारं भांडं. सुजाताला भट्टीचा विभागच हवा होता, दुसरा कुठलाही नाही. हे तिने मुलाखतीत सांगितलं होतं आणि आम्हा तिघांनाही पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं, म्हणजे कोणी मध्ये येऊ नये.

कार्यक्रमाचा एक नियम होता. विभाग सोडताना पुढच्यासाठी एक पान लिहायचं, खाली सही करायची आणि ते प्लास्टिकच्या कव्हरात घालून विभागात ठेवायचं. भट्टीवर आधी मी होतो, माझ्यानंतर सुजाता. मी पाच मुद्दे लिहिले. भट्टीचं तापमान, भंगाराची प्रतवारी, नमुना कधी काढायचा, वीज गेली तर काय करायचं आणि सुरक्षेची साधनं. सहावी गोष्ट शामरावांनी मला तोंडी सांगितली होती. सोमवारी वसाहतीला सुट्टी असते. दिवसभर थंड राहिलेल्या लॅडलच्या अस्तरात ओल धरते, म्हणून मंगळवारी सकाळी ते बर्नरवर दुप्पट वेळ तापवायचं, पावसाळ्यात आणखी जास्त. ते मी लिहिलं नाही. भट्टीवर हे सगळ्यांना माहीत होतं, आणि शामराव रोज तिथे असतच.

सुजाता भट्टीवर आली तेव्हा शामराव म्हणाले, "पोरी, हितं ठिणग्या उडत्यात. ओढणी पेटली तर?" ती म्हणाली, "मी ओढणी घेत न्हाई की मामा. तुम्ही तुमच्या मिशा सांभाळा." त्यानंतर तिला कोणी पावणं म्हटल्याचं मला आठवत नाही.

आषाढातला एक मंगळवार, सुजाताचा भट्टीवरचा पहिलाच. शामराव गल्लीच्या त्र्यंबोली यात्रेला गेले होते. भट्टीवरची निम्मी माणसंही त्या दिवशी आपापल्या गल्लीच्या मिरवणुकीत होती. उरलेले दुसऱ्या विभागातून आलेले. सुजाताने पान वाचलं, पाचही मुद्दे तपासले, लॅडल नेहमीइतकं तापवलं आणि लोखंड ओतलं. दोष लगेच दिसला नाही. चार दिवसांनी मशीन शॉपमध्ये कास्टिंग घासताना पृष्ठभागाखाली, ओलीमुळे पडतात तशी, सुईच्या टोकाएवढी भोकं निघाली, एकामागोमाग एक. ट्रॅक्टरचे ते सगळे भाग बाद झाले आणि ग्राहकाची माणसं गाडी करून आली.

बैठक कॉन्फरन्स रूममध्ये झाली. मी तेव्हा गुणवत्ता विभागात होतो, मिनिट्स लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. कारखाना व्यवस्थापकांनी सुजाताला विचारलं, "हँडओव्हरचं पान वाचलं होतं?"

"हो सर."

"मग?"

टेबलाच्या पलीकडून तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "शामरावमामांना आदल्या दिवशी फोन करून विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

मी लिहिलं : कारण, प्रशिक्षणार्थीचा अपुरा अनुभव. मिनिट्सवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. पान कोणी मागवलं नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा सुजाताला मनुष्यबळ विभाग मिळाला, प्रशिक्षण आणि हजेरी. भट्टीचा विभाग मला देऊ केला गेला. मी तो घेतला नाही, महिन्याभरात नोकरी सोडली आणि एका वृत्तपत्रात रुजू झालो. ती तिथेच राहिली. दर वर्षी नव्या प्रशिक्षणार्थींना पहिल्या दिवशी कारखाना तीच दाखवायची, असं तिथले लोक सांगतात. भट्टीचा विभाग तिने आणखी दोनदा मागितला. दोन्ही वेळा जुनं रेकॉर्ड काढलं गेलं.

आमची शेवटची भेट तीन महिन्यांपूर्वी कोडोलीत, प्रशांतच्या लग्नात झाली. जेवणाच्या पंगतीत ती वाढत होती. मी म्हणालो, "सुजाता, त्या मिनिट्सचं..." तिने पानात तांबडा रस्सा ओतला. "चांगलं लिहिलंतंस की. तवाच म्हटलं, हा गडी पेपरात जाणार." शेजारचे हसले. ती पुढच्या पानाकडे गेली.

गेल्या आठवड्यात मी फौंड्रीत गेलो. शामराव निवृत्त झाले आहेत. सध्याच्या फोरमनने मला भट्टीजवळच्या भिंतीपाशी नेलं. ते म्हणाले, "कांबळे मॅडम नव्या पोरांना आधी हितं उभं करायच्या. मोठ्यानं वाचून घ्यायच्या. वाचल्याबिगर भट्टीकडं सोडायच्या न्हाईत." भिंतीवर माझं पान आहे. कव्हर नवं आहे, कागद पिवळा पडला आहे. पाच मुद्दे माझ्या अक्षरात, काळ्या शाईत. पाचव्या मुद्द्याच्या आणि सहीच्या मधल्या जागेत, निळ्या शाईत, सहावा मुद्दा आहे : सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी लॅडल दुप्पट वेळ तापवावे, पावसाळ्यात त्याहून जास्त.

अक्षर सुजाताचं आहे. खाली सही माझी आहे.