तंबाखू : नाही

त्या नोकरीत माझं अक्षर फार कामाला यायचं. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेज पुरं केलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या ऑफिसात रुजू झाले तेव्हाच ठरवलं, आपल्या फॉर्मवर खाडाखोड दिसता कामा नये. काम असं की पारोळ्याजवळच्या गावांतल्या त्याच त्या बायकांकडे दर वर्षी जायचं. काय खाता, किती राबता, सवयी काय, विचारायचं आणि पुढे कुणाला काय आजार होतो ते बघायचं. दहा वर्षं. शेवटी म्हणे बायकांचे आजार टाळायचे कसे, ते कळणार होतं.

सतरावा प्रश्न होता, ‘तंबाखू खाता का?’

एका गावात पन्नाशीच्या एक अक्का होत्या. पहिल्या वर्षी हा प्रश्न ऐकून त्यांनी शेजारणीला हाक मारली. “ऐक वं माय, हाई पोर काय इचारस! मी काय गडीमाणूस शे का, तंबाखू खावाले?” सगळा ओटा हसला. मीही हसले आणि लिहिलं, नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी तर मी विचारलंच नाही, तसंच लिहून मोकळी झाले.

चौथ्या वर्षी अक्का चहा बशीत ओतून गार होईपर्यंत नुसत्या बघत बसल्या. “तोंडले झोंबस,” म्हणाल्या. “भाजीमा मिरची बी टाकत नही आते.” मी गाल ओढून बघितला. आत पांढरा चट्टा. दात काळे. मी बघतेय तोवर त्यांनी कमरेची डबी काढली आणि बोटाने दातांना मिसरी लावली.

मिसरी म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं. माझी आई तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि आम्ही भावंडं शिंकत अंगणात पळायचो. पण त्या भुकटीचं नाव मिसरी, म्हणून ती तंबाखू नव्हती. केमिस्ट्री शिकून मी एवढी शहाणी झाले होते.

“अक्का, ही तंबाखूच ना?”

“तंबाखू कशानी? दात घासानी मिसरी शे. सगळ्या बाया लावतस. तुनी माय नही लावत?”

महिन्यातून एकदा मुंबईहून या पाहणीचे मोठे सर यायचे. त्यांना म्हटलं, सतराव्या प्रश्नाखाली एकच ओळ वाढवा. दात कशाने घासता?

“मॅडम, प्रश्न मध्येच बदलला तर मागच्या वर्षांची उत्तरं जुळणार नाहीत.”

“पण सर, ती उत्तरं चुकीची आहेत.”

“असतील. पण सगळी सारखीच चुकीची आहेत ना? फार वाटत असेल तर शेऱ्यात लिहा.”

शेऱ्याला कोड नव्हता, आणि कोड नसलेलं काहीच कॉम्प्युटरमध्ये जात नव्हतं. तरी मी प्रत्येक बाईच्या फॉर्मवर लिहीत गेले. मिसरी. मिसरी. मिसरी. कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मग रजा टाकून अक्कांना धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एसटीत त्यांचा मुलगा मागच्या बाकावर होता. बऱ्याच वेळाने पुढे वाकून म्हणाला, “ताई, तुम्ही त् दर साल येतस. मिसरीबद्दल काबरं नही सांगं?”

डॉक्टरांनी केसपेपर ओढला. “तंबाखूची सवय?”

“नही,” अक्का ठणकावून म्हणाल्या. “ह्या बाईले इचारा. तिनी सोता लिखेल शे. दर साल.”

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अक्कांच्या कमरेची पिशवी सोडली, डबी काढून टेबलावर उघडी ठेवली आणि म्हणाले, “हो लिहा. मी लिहिलेलं खोटं आहे.”

डॉक्टरांनी डबीचा वास घेतला, लिहिलं, आणि चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाले. अक्कांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या डबीकडे हात करून मला विचारत होत्या, “हाई तू ठेई लेशी, तर मी सकाळले दातले काय लावू? सांग ना, शिकेल शेस ना तू?”

माझ्या पिशवीत त्यांचा फॉर्म होता, चार पानी. त्यात याचं उत्तर कुठेच नव्हतं.